राजेहो, ऐकण्याचीही मजुरी मागा

संध्याकाळी साडेसातनंतर नागपूरच्या प्रतापनगर चौकात पंधरा मिनिटं उभं राहून बघा. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेली पोरं खामल्याकडून येतात, त्रिमूर्तीनगराकडे वळतात, आयटी पार्कच्या खाऊगल्लीतून पार्सल उचलतात आणि गोपालनगरातल्या तिसऱ्या माळ्यावर नेऊन देतात. त्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या पटावर आहेत. कुणी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, कुणी एम.एस्सी.ला, कुणी दिवसभर अभ्यासिकेत खुर्ची धरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. पोरींच्या वाट्याला शिकवण्या, कपड्याच्या दुकानातलं काउंटर, लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत. खोलीचं भाडं आणि मेसचा डबा यांची तोंडमिळवणी करता करता महिना सरतो.

या कष्टांना मी नावं ठेवणार नाही. रात्री अकरापर्यंत गाडी चालवून सकाळी प्रॅक्टिकलला हजर होणाऱ्या पोराला उपदेश करण्याची माझी छाती नाही. माझं दुखणं दुसरंच आहे. त्यांच्यातल्या गडचिरोलीकडून आलेल्या पोराला गोंडी येते. आजीनं सांगितलेल्या गोष्टी त्याला पाठ आहेत. वडसा-देसाईगंजच्या पोरीनं झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र जागून पाहिलेली असतात. कुठल्या गावात दंडार अजून चालते, खडी गंमत कुणाच्या तोंडी अजून जिवंत आहे, हे तिला ठाऊक असतं. यवतमाळच्या पोराला कापसाचं अर्थशास्त्र घरच्या चुलीजवळ कळलेलं असतं. आणि या शहरात त्यांना पैसे मिळतात ते पत्ता शोधण्याचे, घडी घालण्याचे, ताट वाढण्याचे. त्यांना जे खरोखर येतं, त्याला इथे गिऱ्हाईक नाही.

गिऱ्हाईक असायला हवं होतं ते विद्यापीठ. म्हणून पोरांनो, ही हाक तुम्हाला. आपल्या भागाचं संशोधन करायचं, जे सापडेल ते लोकांना कळेल अशा भाषेत सांगायचं, आणि त्या कामाचे तासाप्रमाणे पैसे विद्यापीठाकडून, कॉलेजकडून मागून घ्यायचे. भीक म्हणून नाही आणि शिष्यवृत्ती म्हणूनही नाही. मजुरी म्हणून.

मजुरी हा शब्द जड वाटत असेल तर साताऱ्याकडे बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंक्तीत. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. पोरांच्या पोटात दोन घास पडावेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. पण त्यांच्या दागिन्यांवर किंवा कुणा दानशूराच्या मेहेरबानीवर पोरांनी शिकावं, असं भाऊरावांच्या मनात कधीच नव्हतं. शेतात राबा, भाजी पिकवा, स्वतःचं अन्न स्वतः शिजवा आणि ताठ मानेनं वर्गात बसा, हा त्यांचा शिरस्ता. 1947 साली साताऱ्यात उभं राहिलेलं छत्रपती शिवाजी कॉलेजही याच 'कमवा आणि शिका'वर उभं राहिलं. पुढे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी ही योजना उचलली. पुण्याच्या विद्यापीठात तर ती कर्मवीरांच्याच नावानं चालते.

उचलली खरी, पण तिथेच थांबली. भाऊरावांच्या काळात शेत हेच त्या पोरांचं जग होतं, म्हणून काम शेतातलं होतं. आज इतिहासाच्या विद्यार्थ्याला आपण काय देतो? बागेला पाणी घाल, कपाटातल्या फायली लाव, कार्यक्रमाच्या खुर्च्या मांड. ही कामं हलकी नाहीत, पण ती करून इतिहासाचा विद्यार्थी इतिहासात रेसभरही पुढे सरकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 साली दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठी शिकता शिकता कमावण्याचा जो मसुदा काढला, त्यात आठवड्याला 20 तासांपर्यंतच्या कामांत ग्रंथालय आणि प्रयोगशाळेच्या बरोबरीनं संशोधन प्रकल्पांचंही नाव होतं. म्हणजे दिल्लीलाही सुचलेलं आहे. गल्लीत मागणारं कुणी हवं.

आणि एक सावधगिरी आत्ताच सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिप नावाचं एक प्रकरण सगळीकडे सुरू झालं आहे. क्रेडिट मिळतात, प्रमाणपत्र मिळतं, शेवटच्या दिवशी सगळ्यांचा एक फोटो निघतो. पैशाचा विषय काढला की समोरचा माणूस 'अनुभव मिळतोय ना?' असं म्हणतो. ज्याचा बाप खर्च पाठवू शकतो त्या पोराला हा अनुभव परवडतो. ज्याला संध्याकाळची पाळी सोडावी लागते, त्याला परवडत नाही. अशानं संशोधन पुन्हा खात्यापित्या घरांतल्या मुलांच्याच हाती राहतं आणि आपण मात्र बहुजनांपर्यंत शिक्षण पोचलं म्हणून सत्कार घेत फिरतो. प्रमाणपत्रावर भात शिजत नाही, हे स्पष्ट बोलायला शिका.

आता आपल्याच विद्यापीठाचं नाव बघा. 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला आपण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव दिलं. महाराजांच्या हातात काय होतं? खंजिरी. यावलीचा हा माणूस गावोगाव हिंडला, गावाची दुखणी पाहिली आणि गावाच्याच बोलीत ती गावाला सांगितली. हिंडणं, पाहणं, सांगणं. ज्याला आज फील्डवर्क आणि कम्युनिकेशन म्हणून दोन वेगळ्या खात्यांत टाकलं आहे, ते त्यांच्याकडे एकच काम होतं. या नावाच्या विद्यापीठात पोरांनी गोष्ट गोळा करण्याचं आणि गोष्ट सांगण्याचं काम मागितलं, तर ते नवं खूळ कसं ठरेल?

संशोधनाची परंपराही घरचीच आहे. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव नागपूर विद्यापीठात होते तेव्हा, 1968च्या सुमारास, टाकळघाट-खापा इथलं उत्खनन झालं. पाठोपाठ 1969-70 साली विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीचा प्राचीन स्तूप उकरला. काटोल रोडवर जुनापाणीची शिलावर्तुळं उघड्यावर पसरलेली आहेत. लोहयुगात इथे माणसं राहत होती, आपल्या मृतांभोवती दगडांची रिंगणं रचत होती. पुस्तकात 'महापाषाणीय संस्कृती' असं वाचून पाच गुणांची टीप लिहिणाऱ्या किती पोरांनी ती रिंगणं डोळ्यांनी पाहिली आहेत? बसचं भाडं आणि दिवसाची मजुरी द्या, दहा पोरं उद्या सकाळी मोजपट्टी घेऊन तिथे उभी राहतील.

पण मला घाई आहे ती दगडांसाठी नाही. दगड थांबतील. माणसं थांबत नाहीत.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूरचं राजधानीपण गेलं. कचेऱ्या उठल्या, कुणाची बदली भोपाळला, कुणाची मुंबईला. त्याआधी अठरा दिवस, 14 ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी बापाचं बोट धरून दहा वर्षांचं जे पोर तिथे उभं होतं, ते आज ऐंशीच्या आसपास आहे. त्या वेळी विशीत असलेले कारकून नव्वदीच्या घरात आहेत. जे उरले आहेत ते याच शहरात आहेत. लक्ष्मीनगरात, बजाजनगरात, आपल्या प्रतापनगरच्या गल्ल्यांत, दुपारी व्हरांड्यात बसलेले. भाषणांच्या पोथ्या झाल्या, तारखांचे फलक लागले. पण त्या सकाळी घरातून भाकरी कोणती बांधून घेतली होती, पांढरं लुगडं कुणाकडून मागून आणलं, गावी परतल्यावर पाटलानं काय विचारलं, हे ज्याच्या-त्याच्या डोक्यात आहे आणि त्या-त्या माणसाबरोबर जाईल.

अमेरिकेवर अशीच वेळ आली होती. मंदीनं देश आडवा झालेला असताना तिथल्या सरकारनं 1935 साली फेडरल रायटर्स प्रोजेक्ट सुरू केला. बेकार लेखक, शिक्षक, नुकते कॉलेजातून बाहेर पडलेले तरुण यांना पगार देऊन लोकांकडे पाठवलं: जा, विचारा, लिहून आणा. गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा सत्तर वर्षं झाली होती. जे गुलाम म्हणून जन्मले होते ते ऐंशी-नव्वदीत होते. या पगारी लोकांनी अशा 2,300हून अधिक माणसांच्या आठवणी टिपल्या. त्या टिपल्या नसत्या तर त्या माणसांचा आवाज आज कुठेच नसता. आपण 1956पासून जवळपास तेवढ्याच अंतरावर उभे आहोत.

त्या प्रकल्पातली एक ठेच मात्र नीट लक्षात घ्या. विचारायला गेलेले बहुतेक जण गोरे होते. समोरची म्हातारी माणसं सावध झाली. मालक चांगला होता हो, असं सांगून कितीतरी जणांनी विषय मिटवला. अभ्यासक आजही त्या मुलाखती वाचताना, विचारणारा कोण होता, हे आधी पाहतात. उलट फ्लॉरिडात याच प्रकल्पात काम करणारी झोरा नील हर्स्टन ही कृष्णवर्णीय लेखिका लोकांत मिसळली, त्यांची गाणी स्वतः गायली, आणि तिला वेगळंच धन सापडलं. राजेहो, तुमची किंमत इथे आहे. पुण्या-दिल्लीहून आलेल्या संशोधकाला गडचिरोलीतल्या एटापल्लीची आजी जे सांगणार नाही, ते तिच्या बोलीत बोलणाऱ्या नातवाच्या वयाच्या पोराला सांगेल. पार्सल पोचवणाऱ्या त्या पोराकडे जी किल्ली आहे, ती पीएच.डी.च्या मार्गदर्शकाकडे नाही.

'पोरांना हे जमणार आहे का?' हा प्रश्न येईल. बहुतेक स्टाफरूममधून येईल. आयर्लंडमध्ये 1937-38च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या सुमारे 50,000 मुलांनी आजी-आजोबांकडून कहाण्या, औषधं, भुताखेतांच्या गोष्टी, शेतीच्या रीती वहीत उतरवून आणल्या. आज तो त्या देशाचा राष्ट्रीय ठेवा आहे. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. दळणाऱ्या बायकांकडून त्या ऐकून लिहिणारे विद्यापीठातले पंडित नव्हते, गावातलीच माणसं होती. अकरा वर्षांच्या आयरिश पोरांना जमलं, मावळातल्या बायकांना जमलं, आणि नेट-सेटची तयारी करणाऱ्या आपल्या पोरांना जमणार नाही?

बरं, काम करायला लांब जायलाही नको. प्रतापनगराचंच घ्या. हा सगळा भाग कधी काळी शेत होता. खामला, भामटी, परसोडी, जयताळा ही गावं होती, त्यांच्या विहिरी होत्या, पाणंदी होत्या. मग सोसायट्या आल्या, लेआउट पडले, नागपूर सुधार प्रन्यासाच्या, म्हणजे एन.आय.टी.च्या, चकरा सुरू झाल्या, आर.एल.साठी, म्हणजे रिलीज लेटरसाठी, अर्ज झाले. कुठल्या शेतकऱ्यानं किती भावात जमीन विकली आणि त्या पैशाचं पुढे काय झालं? त्याची नातवंडं आज कुठे आहेत? फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी खामल्यात दुकानं कशी उभी केली? एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली आणि बंद पडूनही आता दोन दशकं उलटली; त्या मिलच्या भोंग्यावर ज्यांचं घड्याळ चालायचं ते कामगार निवृत्तीनंतर कुठे कुठे विखुरले? 23 नोव्हेंबर 1994 रोजी विधिमंडळावरच्या मोर्चात चेंगराचेंगरीत 114 गोवारी गेले. स्मारकावर आकडा आहे. पण मोर्चाला निघालेल्या एकेका घरानं त्या दिवसानंतर संसार कसा ओढला, हे विचारायला शिकलेली पोरं त्या गावांत गेली आहेत का?

आणि अगदी कालपरवाचं: 23 सप्टेंबर 2023. पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसं झोपेतून उठली ती पाण्यात. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी. प्रतापनगरातल्या कितीतरी घरांचे नातेवाईक तिथलेच. पंचनाम्यात फ्रीज येतो, सोफा येतो, भरपाईची रक्कम येते. कुणी कुणाला दार ठोकून जागं केलं, पाणी कुठल्या बाजूनं आधी शिरलं, म्हाताऱ्या आईला गच्चीवर कसं चढवलं, नाल्यावरचं कोणतं बांधकाम आड आलं असं लोक म्हणतात, हे पंचनाम्यात येत नाही. सिव्हिलचा एक विद्यार्थी, भूगोलाची एक विद्यार्थिनी आणि मराठीचा एक विद्यार्थी, असं त्रिकूट घरोघर पाठवा. पहिल्यानं भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेची उंची मोजायची, दुसरीनं नकाशावर टाकायची, तिसऱ्यानं घरच्यांचं बोलणं लिहायचं. महापालिकेलाही पुढच्या पावसाळ्याआधी हाच नकाशा लागणार आहे. एखाद्या सल्लागार कंपनीला जो पैसा दिला जाईल, त्यातला थोडा तरी पोरांच्या खिशात का जाऊ नये?

पैसा कुठून आणायचा, हे विचारणाऱ्यांसाठी साधा हिशेब मांडतो. एका कॉलेजनं दहा विद्यार्थी घेतले, प्रत्येकाला आठवड्याला दहा तास, तासाला 100 रुपये. महिन्याचे 40,000. शैक्षणिक वर्षातले आठ महिने धरले तर 3,20,000. आता तुमच्या कॉलेजच्या मागच्या राष्ट्रीय परिषदेचा खर्च आठवा: स्वागताचे फ्लेक्स, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं, पाहुण्यांची विमानाची तिकिटं, कुणीही उघडून न वाचलेला निबंधसंग्रह. मी परिषदांच्या विरोधात नाही. जेवण चांगलं असतं. पण त्यातली एखादी कमी झाली तर ज्ञानाची फार हानी होईल असं मला वाटत नाही. माजी विद्यार्थी आहेत, कंपन्यांचा सीएसआर आहे, आणि प्रतापनगरात पेन्शनवर सुखानं राहणारी, वाढदिवसाला हजाराचा केक आणणारी घरंही पुष्कळ आहेत. एका पोराचं एक महिन्याचं काम म्हणजे 4,000 रुपये. काका, काकू, हे तुम्हालाही सांगतोय.

प्राध्यापकांना माझी एकच विनंती आहे. पोरांनी आणलेलं साहित्य तुमच्या शोधनिबंधात आलं, तर त्या पोराचं नाव निबंधाच्या माथ्यावर येऊ द्या. तळटीपेत 'विद्यार्थ्यांच्या सहकार्याने' असं लिहून उरकू नका. ज्याचं नाव छापलं जातं तो विद्यार्थी पुढे दहा वर्षं त्या विषयाला धरून राहतो. ज्याचं नाव गाळलं जातं तो एम.पी.एस.सी.चा गठ्ठा उघडतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

आणि पोरांनो, तुम्हाला गोड बोलून फसवायचं नाही. हे काम चकचकीत नाही. एक तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला चार-पाच तास सहज जातात. म्हातारी माणसं मुद्द्यावर येण्याआधी जावयाची, गुडघ्याची आणि महापालिकेची तक्रार सांगतात. ती पूर्ण ऐकावी लागते, मधेच मोबाईल बघितला की माणूस मिटतो. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी परवानगी घ्यायची. नाव छापायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, आपण नाही. लिहून झालं की ते घरी नेऊन वाचून दाखवायचं आणि 'असं नव्हतं झालं' म्हणाले तर दुरुस्त करायचं. दोन माणसं एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतील, तेव्हा दोन्ही लिहायच्या आणि कागदपत्रांत तिसरी बाजू शोधायची. नागपूरचं अजबबंगला संग्रहालय, विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय, तहसीलची जुनी दप्तरं, रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली छापलेले मध्य प्रांताच्या जाती-जमातींचे चार खंड, हे सगळं चाळावं लागेल. त्या खंडांतलं साहेबी चष्म्यातून पाहिलेलं कोणतं आणि खरं कोणतं, हे निवडणंही तुमचंच काम. आणि शेवटी ते सांगावं लागेल. अहवाल लिहून कपाटात गेला तर अर्धी मजुरी परत करा असं मी म्हणेन. चौकातल्या गणेश मंडळात पंधरा मिनिटांचं सादरीकरण करा, सोसायटीच्या सभागृहात फोटो लावा, रेडिओवर बोला, झाडीपट्टीच्या पोरीनं त्याचं नाटक बसवावं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना ते परत ऐकू गेलं पाहिजे.

तर सुरुवात अशी करा. या आठवड्यात चार जण जमा. चौघं वेगवेगळ्या शाखांचे असले तर उत्तम. आपल्या वस्तीतला एक विषय निवडा, फार मोठा नको; एक विहीर, एक मिल कामगार, एक पुराची रात्र पुरे. एका म्हाताऱ्या माणसाला भेटा, अर्धा तास ऐका, दोन पानं लिहा. ही दोन पानं नमुना म्हणून जोडून प्राचार्यांच्या नावानं अर्ज करा: काम कोणतं, तास किती, मोबदला किती, हाती काय देणार, केव्हा देणार. एक प्रत विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाला द्या आणि आवकवर शिक्का मारून घ्यायला विसरू नका, कारण शिक्का नसलेला अर्ज आपल्याकडे आलेलाच नसतो. ज्यांची मुलाखत घेतली त्या आजी-आजोबांची सहीही अर्जाखाली घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा जा, आणि या वेळी चारऐवजी चाळीस जण जा.